तोल, थरथर आणि बंद पडलेला सरकता जिना

मागच्या अंकात पार्किन्सन्सच्या थरथरीवर, म्हणजे हात स्वस्थ असताना होणाऱ्या थरथरीवर, चार ओळी लिहिल्या आणि पत्रांचा ढीग पडला. बहुतेकांचं म्हणणं एकच, की आमच्याकडेही हात थरथरतो, पण तुम्ही लिहिलंत तसा नाही. पत्रं वाचत गेले तशी खात्री पटत गेली की यातल्या निम्म्याअधिक तक्रारी कवटीच्या मागच्या-खालच्या बाजूला बसलेल्या लहान मेंदूच्या आहेत. म्हणून या वेळी सगळी पत्रं त्याच्या वाट्याची घेतली. परळच्या एका मोठ्या रुग्णालयात फिजिओथेरपी करण्यात माझी सगळी नोकरी गेली. आता दादरला घरीच तळमजल्यावर पेशंट बघते. उत्तरं त्या बेतानेच घ्यायची. औषधांचं तुमच्या न्यूरॉलॉजिस्टला विचारायचं, हे दरवेळी लिहीत बसत नाही.

प्रश्न : ताई, माझ्या वाटेतल्या एका स्टेशनवरचा सरकता जिना बऱ्याचदा बंद असतो. बंद आहे हे लांबूनच दिसतं. तरी पहिल्या पायरीवर पाय ठेवला की पुढे झोक जातो आणि पोटात कसंतरी होतं. साध्या जिन्यावर असं होत नाही. चक्करेचा आजार तर नसेल? — रोजचा प्रवासी, विक्रोळी

उत्तर : आजार बिजार काही नाही. लहान मेंदू ठणठणीत आहे, म्हणूनच झोक जातो.

चालत्या जिन्यावर पाय टाकला की पाय पुढे ओढले जातात आणि धड मागे राहतं. गावाहून पहिल्यांदा आलेल्या आजी सरकत्या जिन्यावर मागे कलंडतात त्या यामुळेच. चार वेळा चढल्यावर अंग एक गोष्ट शिकतं. पाय टाकायच्या आधीच चाल थोडी वाढवायची आणि धड पुढे घ्यायचं. हे कुणी शिकवत नाही, आणि आपण करतो हे आपल्यालाही ठाऊक नसतं. जिना बंद असला तरी समोर तीच दातेरी पायरी आणि तीच काळी रबरी पट्टी असते. ती दिसली की तयारी सुरू. तुम्ही पुढे झुकलात आणि पायाखालचं काही सरकलंच नाही, मग झोक जाणारच.

लंडनमध्ये रेनॉल्ड्स आणि ब्रॉनस्टाइन या दोघा संशोधकांनी २००३ साली हे मोजून दाखवलं. माणसांना एका सरकत्या फळीवर पुन्हा पुन्हा चढायला लावलं. मग फळी बंद केली आणि सगळ्यांना स्पष्ट सांगितलं, आता ही हलणार नाही. तरी पहिल्या खेपेला लोक वेगाने चढले आणि त्यांचं धड पुढे गेलं. सांगितलेलं त्यांना कळलं होतं, पटलंही होतं, पण ते अंगापर्यंत पोहोचलं नव्हतं. प्रत्यक्ष एकदा-दोनदा चुकीचं पाऊल पडलं तेव्हा कुठे जुना हिशेब पुसला गेला. ही गोष्ट लक्षात ठेवा, खालच्या दोन-तीन पत्रांत तीच लागणार आहे.

आधीपासून हिशेब करून ठेवायची गरजच काय, असं कुणी विचारेल. गरज आहे, कारण आपल्या नसा सावकाश काम करतात. हात चुकतोय हे डोळ्यांनी पाहून तो दुरुस्त व्हायला सेकंदाचा दहावा ते पाचवा भाग जातो. ताशी १४० किलोमीटरने टाकलेला चेंडू बोलरच्या हातातून बॅटपर्यंत साधारण अर्ध्या सेकंदात येतो. त्यात बघून दुरुस्त करायला वेळ कुठला? गाडी यायच्या आधीच तुम्ही फलाटावर आपल्या डब्याचं दार जिथे येणार तिथे जाऊन उभे राहता ना, तसाच लहान मेंदू प्रत्येक हालचालीचा शेवट कुठे होणार ते ताडून आधीच तिथे हजर असतो. त्याचं वजन जेमतेम दीडशे ग्रॅम, सबंध मेंदूच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. पण ब्राझीलच्या शास्त्रज्ञांनी २००९ साली पेशींची मोजदाद केली तेव्हा मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज एकट्या लहान मेंदूत निघाल्या. नाव लहान पडलंय खरं.

प्रश्न : आमचे सासरे, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, मिलमध्ये साळखात्यात होते. पावसाळ्यात एका सकाळी त्यांना गरगरलं, उलट्या झाल्या. पित्त वाटलं म्हणून घरीच ठेवलं. दुसऱ्या दिवशी उभं राहता येईना तेव्हा दवाखान्यात नेलं. एमआरआयमध्ये लहान मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक निघाला. आता घरी आहेत. हातात ताकद आहे, माझा हात धरला तर दुखतो. पण चहाचा कप तोंडाशी नेताना सांडतात, फाकून चालतात, बोलणं तुटक झालंय. चाळीत कुजबुज आहे की अण्णा पुन्हा प्यायला लागले. आमचे हे म्हणतात, ताकद आहे ना, मग लक्ष देत नाहीत. मी आता कप धरूनच चहा पाजते. चालेल ना? — एक सून, लालबाग

उत्तर : आधी यजमानांना सांगा, अण्णा गरजेपेक्षा जास्त लक्ष देतायत आणि त्यानेच दमतायत. पहिल्या महायुद्धात डोक्याच्या मागच्या भागात गोळ्या लागलेले सैनिक गॉर्डन होम्स या ब्रिटिश डॉक्टरने बारकाईने तपासले. लहान मेंदू दुखावला की माणसाचं काय काय होतं, हे आम्ही आज शिकतो त्यातलं बरंचसं त्याच्या नोंदींतून आलेलं आहे. त्याच्या एका रुग्णाने सांगितलं होतं, की डावा हात आपला आपण चालतो, उजव्या हाताच्या मात्र प्रत्येक हालचालीचा विचार करावा लागतो. अण्णांचं तेच झालंय. बाजूसुद्धा तीच असणार. मोठ्या मेंदूचा उजवा भाग डावं अंग चालवतो, लहान मेंदूचा उजवा भाग मात्र उजव्याच अंगाचं बघतो. म्हणून बिघाड उजवीकडे आणि कपही उजव्याच हातातला सांडतो.

आता तो कप जवळून बघू. टेबलावरचा कप तोंडाशी न्यायला कोपर वाकतं. कोपर वाकताना पुढच्या हाताचं वजन हलतं आणि त्याचा हिसका खांद्याला बसतो, मनगटालाही बसतो. तुमचा-माझा लहान मेंदू तो हिसका बसायच्या आधीच खांद्याचे स्नायू नेमके तेवढे ताणून ठेवतो, म्हणून कप सरळ रेषेत वर येतो आणि आपल्याला वाटतं हात साधा वाकला. अण्णांच्या खांद्याला ही आगाऊ सूचना मिळत नाही. हात बाजूला जातो. ते डोळ्यांनी बघतात आणि परत आणायला जातात. दुरुस्ती उशिरा पोहोचते आणि जास्तीची होते. मग हात दुसऱ्या बाजूला. ओठ जवळ आले की नेम बारीक लागतो, आणि तिथेच थरथर सगळ्यात जास्त. पार्किन्सन्समध्ये हे उलटं असतं. हात मांडीवर स्वस्थ असताना थरथरतो, कप उचलायला गेलं की बऱ्याचदा शांत होतो. ज्यांनी ज्यांनी विचारलं होतं की ही थरथर कुठली, त्यांनी इथे खूण करून ठेवा. निदान मात्र डॉक्टरकडूनच घ्या.

स्नायूंचा यात काही दोष नाही, म्हणून ताकद शाबूत. तेव्हा चेंडू दाबायचा, डंबेल उचलायचं, असले व्यायाम कुणी सुचवले तर अण्णांची करमणूक होईल एवढंच.

आता तुमचा खरा प्रश्न. कप धरून पाजणं बंद करा. एकदम नाही, पण करा. लहान मेंदूला शिकायला चूक लागते. हात कुठे जायला हवा होता आणि कुठे गेला, यातला फरक हेच त्याचं खाद्य. तुम्ही कप धरलात की हात चुकतच नाही आणि अण्णांच्या शाबूत राहिलेल्या भागाला शिकायला काही उरत नाही. मला घरोघर हेच दिसतं. ज्या घरात माया जास्त त्या घरातला पेशंट उशिरा सुधारतो, कारण त्याला सांडूच देत नाहीत. अण्णांना सांडू द्या. फक्त चहा गरम नको, कोमट.

मात्र रोजचं पिणं आणि सराव या दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. पिताना त्यांना सोपं करून द्यायचं. टेबल छातीच्या जरा खाली येईल एवढं उंच घ्या. उजवं कोपर टेबलावर टेकलेलं हवं, म्हणजे खांद्याला हिसकाच बसत नाही. अर्धाच भरलेला, रुंद बुडाचा, थोडा जड पेला द्या. आणि हात तोंडापर्यंत नेण्यापेक्षा शेवटची वीतभर मान खाली आणायला सांगा. एका वेळी एकच सांधा हलवला की त्यांना जमेल. दिसायला यंत्रासारखं दिसतं, पण चहा पोटात जातो.

सरावाच्या वेळी कोपर उचलायचं. आधी रिकामा पेला, मग पेल्यात मूठभर तांदूळ, मग पाणी. शेजारी बसून "असं नाही, जरा डावीकडे, सावकाश" अशी धावती कॉमेंट्री करू नका. लहान मेंदूचा आजार असलेल्या माणसांवर बाल्टिमोरच्या संशोधकांनी २०१६ साली प्रयोग केले. त्यात दिसलं, की हात किती आणि कुठे चुकला हे सतत दाखवण्यापेक्षा नुसतं जमलं की नाही एवढंच कळवलं तर शिकलेलं जास्त टिकतं. ही वाट मेंदूच्या दुसऱ्या भागांतून जाते, ते भाग अण्णांचे चांगले आहेत. म्हणून पेला तोंडाला लागला की "जमलं" म्हणा. नाही लागला तर गप्प बसा. गप्प बसणं घरातल्या माणसांना सगळ्यात अवघड जातं, हा माझा अनुभव.

आणि एक. ते साळखात्यात होते म्हणता, म्हणजे तुटलेला धागा जोडण्यात हात बसलेला असणार. सुरुवातीला सुतळी द्या, मग जाड दोरा. गाठी मारू देत. प्लॅस्टिकच्या रिंगा खुंटीला अडकवण्यापेक्षा त्यात त्यांचा जीव लागेल, आणि जीव लागला तर सराव तासभर चालतो.

चालण्याचं. पाय फाकून चालतात ते तोल सांभाळायला. "पाय जवळ घ्या" म्हणून ओरडू नका. गॅलरीतून चालवताना एका बाजूला कठडा, दुसऱ्या बाजूला अर्धं पाऊल मागे तुम्ही. हात धरायचा नाही, पण हात तयार ठेवायचा. मागे पट्टा असलेली चप्पल घ्या, साधी सपाता नको. रात्री सामायिक संडासाकडे एकट्यांना पाठवू नका. अंधारात डोळ्यांचाही आधार जातो. कॉटखाली भांडं ठेवा, लाज वाटली तरी. वळताना थांबायचं, आधी मान, मग अंग. बोलण्यासाठी स्पीच थेरपिस्टला एकदा दाखवा, आणि चहा-पाणी पिताना ठसका लागत असेल तर त्याच भेटीत गिळणंही तपासून घ्या.

सुधारेल का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रभर तेच आहे. स्ट्रोकनंतर लहान मेंदूची माणसं बऱ्याचदा चांगली सावरतात, पहिल्या काही महिन्यांत वेग जास्त असतो. ज्यांचा लहान मेंदू हळूहळू झिजत जातो, त्या अवघड आजारांतसुद्धा जर्मनीत ट्युबिंगेनला २००९ साली चार आठवडे कसून तोलाचा सराव घेतला तेव्हा चालण्यात फरक पडलेला दिसला. अण्णांची जखम तर वाढणारी नाही.

चाळीतल्या कुजबुजीचं काय करायचं? लोकांना तसं वाटतं याला कारण आहे. दारू लहान मेंदूवरही चढते. लटपट, जड जीभ, नेम चुकणं, सगळं तिथलं. मी माझ्या पेशंटच्या खिशात एक चिठ्ठी ठेवते, मराठीत आणि हिंदीत : "मला लहान मेंदूचा आजार आहे. मी दारू प्यायलेलो नाही. कृपया बसायला जागा द्या." खाली घरचा नंबर. लोकलमध्ये तिचा उपयोग होतो. चाळीत तिच्यापेक्षा तुमच्या सासूबाईंचा आवाज जास्त उपयोगी पडेल.

आणि हे सगळ्या वाचकांसाठी. अचानक गरगरणं, उलट्या, आणि त्याबरोबर उभं राहता न येणं, एकाचं दोन दिसणं किंवा जीभ जड होणं, हे पित्त समजून लिंबूपाणी देत बसू नका. तोंड वाकडं झालं नाही, हात उचलता येतो, म्हणून स्ट्रोक नाही असं होत नाही. लहान मेंदूच्या स्ट्रोकमध्ये या दोन्ही गोष्टी ठीक असू शकतात. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. शिवाय कवटीच्या त्या कोपऱ्यात जागा अगदी थोडी, त्यामुळे पहिल्या काही दिवसांत सूज आली तर जिवावर बेतू शकतं. थेट मोठ्या रुग्णालयात जा.

प्रश्न : मुलीच्या शाळेबाहेर एका वर्गाची जाहिरात आहे. हातापायांच्या उलटसुलट कसरती करून लहान मेंदू जागा होतो आणि गणित सुधारतं म्हणतात. फी बरीच आहे. घालावं का? — एक आई, बोरिवली

उत्तर : नको. ज्या हालचालीचा सराव केला ती सुधारते. उजवं कोपर डाव्या गुडघ्याला लावायचा सराव केला तर उजवं कोपर डाव्या गुडघ्याला छान लागेल. गणित त्याने सुधारल्याचा भरवशाचा पुरावा नाही. मुलीला हालचालच शिकवायची असेल तर शिवाजी पार्कात मल्लखांब शिकवतात, तिकडे न्या. २०१९ साली मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा तिथेच झाली. मुलं त्या लाकडी खांबावरून किती वेळा घसरतात आणि प्रत्येक घसरणीनंतर पकड कशी बदलतात, हे तासभर बघण्यासारखं आहे.

प्रश्न : मी साठी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका. नातवाला क्लासला सोडायला स्कूटर शिकायची आहे. सूनबाई म्हणते, आई, तुम्ही भाजीवाल्याचं नाव विसरता, स्कूटर काय लक्षात राहणार! खरंच राहणार नाही का? — मुलुंड

उत्तर : सूनबाईंना एच. एम. यांची गोष्ट सांगा. मेंदूच्या अभ्यासात ते या आद्याक्षरांनीच ओळखले जायचे. फिट थांबाव्यात म्हणून १९५३ साली अमेरिकेत त्यांची शस्त्रक्रिया झाली आणि मेंदूचा जो भाग नव्या आठवणी साठवतो तोच दोन्ही बाजूंनी काढला गेला. त्यानंतर ते सकाळी भेटलेल्या माणसाला दुपारी ओळखत नसत. ब्रेंडा मिल्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्यांना आरशात बघून चांदणी गिरवायला दिली. करून बघा, हात भलतीकडेच जातो. तीन दिवस हा खेळ चालला. दर दिवशी हात सुधारत गेला, आणि दर दिवशी ते म्हणत, हे मी आधी कधी केलेलं नाही. मिल्नर यांनी हे १९६२ साली मांडलं. भाजीवाल्याचं नाव जिथे राहतं आणि हाताचं कसब जिथे राहतं, त्या जागा वेगळ्या. कसबाच्या जागांमध्ये लहान मेंदूचा वाटा मोठा आहे.

वयाने शिकणं हळू होतं, हे खरं. थांबत मात्र नाही. काही गोष्टी सांभाळा. रविवारी सलग तीन तास शिकण्यापेक्षा रोज थोडा वेळ घ्या, आणि रात्री नीट झोपा. सकाळी स्कूटर शिकून लगेच भाच्याच्या गिअरच्या मोटरसायकलवर हात मारायचा मोह टाळा. एकमेकींना छेद देणाऱ्या दोन सवयी लागोपाठ शिकल्या तर दुसरी पहिलीला पुसते, मध्ये काही तास गेले तर पहिली टिकते. १९९६ सालच्या एका प्रयोगात हे दिसलं होतं. अगदी गोगलगायीच्या गतीने चालवू नका, त्यात तोल जास्त जातो. आणि शिकवणारा मागून सीट घट्ट धरून ठेवत असेल तर त्याला हात सोडायला सांगा. स्कूटर थोडी डगमगली नाही तर अंगाला सावरायचं कसं कळणार? वरच्या अण्णांचंच प्रकरण आहे हे. हेल्मेट, लर्निंग लायसन्स, आणि सोसायटीतला रिकामा रस्ता, एवढं मात्र हवंच. नातवाला मागे बसवायची घाई करू नका.

प्रश्न : नवीन प्रोग्रेसिव्ह चष्मा घेतला. पुलाच्या पायऱ्या वर-खाली तरंगतात, मान वळवली की जग उशिरा वळतं. दुकानदार म्हणतो, सवय होईल. डोळ्यांना कसली सवय होते? नंबर चुकलाय का? — डोंबिवली

उत्तर : सवय डोळ्यांना होत नाही, लहान मेंदूला होते. आत्ता हे पान वाचताना मान नकारार्थी हलवून बघा. अक्षरं जागच्या जागी राहतात. तेच मान स्थिर ठेवून पान तेवढ्याच वेगाने हलवा, अक्षरं पुसट होतात. मान उजवीकडे गेली की डोळे तेवढेच डावीकडे फिरतात, आणि तेही सेकंदाच्या शंभराव्या भागाच्या आसपास. कानातला तोलाचा अवयव थेट डोळ्यांच्या स्नायूंना निरोप देतो, बघून दुरुस्त करायची भानगडच नाही. डोळे किती फिरवायचे हे प्रमाण मात्र जुन्या चष्म्याशी जुळवलेलं. नवी काच वस्तू थोडी मोठी किंवा लहान दाखवते, प्रमाण चुकतं, आणि जग हलल्यासारखं वाटतं.

प्रतिमा डोळ्यात घसरली की ती खबर मेंदूच्या देठातून एका खास तंतूने लहान मेंदूच्या पुर्किन्ये पेशीला जाते. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने या पेशी १८३७ साली दाखवल्या. मी विद्यार्थी असताना सूक्ष्मदर्शकातून त्या पहिल्यांदा बघितल्या आणि मागच्या मुलींनी ढकलेपर्यंत जागची हलले नाही, इतकी देखणी चीज आहे. एकेका पेशीला लाखाच्या घरात बारीक तंतू येऊन भिडतात, पण चूक झाल्याची खबर आणणारा तंतू एकच. त्याची खबर आली की त्याच क्षणी बोलत असलेल्या बारीक तंतूंची पेशीवरची पकड थोडी ढिली होते. चुकीच्या सल्लागारांचं वजन असं कमी कमी होत जातं. ही कल्पना मार यांनी १९६९ साली आणि आल्बस यांनी १९७१ साली कागदावर मांडली, आणि जपानच्या मासाओ इतो यांनी पुढे प्रत्यक्ष पेशीत दाखवली. शिकण्याची याखेरीज इतरही ठिकाणं आता सापडली आहेत, पण गाभा हाच.

तुम्ही काय करायचं, तर चष्मा सतत वापरायचा. तासभर नवा, तासभर जुना असं केलं तर शिकायला स्थिर काही मिळतच नाही. घरात मुद्दाम मान हलवत टीव्हीवरची पाटी वाचा. पायऱ्या उतरताना हनुवटी खाली घ्या, म्हणजे काचेच्या वरच्या भागातून पायरी दिसेल. खालच्या भागात वाचायचा नंबर असतो, त्यातून पायरी धूसरच दिसणार. पहिले काही दिवस गर्दीच्या वेळी पुलाचा कठडा सोडू नका. दोन-तीन आठवड्यांतही जग तरंगतच असेल तर नंबर आणि काचेची मापं पुन्हा तपासून घ्या.

प्रश्न : माझा भाऊ मला गुदगुल्या करतो तेव्हा मी लोळतो. मी स्वतःला केल्या तर काहीच होत नाही. का? — इयत्ता सातवी, विलेपार्ले

उत्तर : शाब्बास, याच्यावर मोठमोठ्या माणसांनी प्रयोग केले आहेत. बोट हलवायचा हुकूम निघाला की लहान मेंदू ताडतो, आता पोटाला अमुक ठिकाणी स्पर्श होणार. जो स्पर्श ठरल्याप्रमाणे आला तो मेंदू बारीक आवाजात ऐकतो. भावाचं बोट कुठे येणार हे ताडता येत नाही, म्हणून तो पूर्ण आवाजात पोहोचतो. लंडनमध्ये १९९८ साली हे मेंदूच्या स्कॅनवर दिसलं. नंतर त्याच मंडळींनी एक यंत्र मध्ये घातलं. तू हात हलवायचास आणि यंत्राने तुझ्या दुसऱ्या तळहातावर स्पंज फिरवायचा. यंत्र लगेच चाललं तर गुदगुल्या कमी, आणि सेकंदाच्या पाचव्या भागापर्यंत उशीर लावला तर उशीर वाढेल तशा जास्त. भावाला म्हणावं, पुढच्या वेळी माझं मनगट धर आणि माझ्याच बोटांनी मला गुदगुल्या कर. काय होतं ते मला कळव.

प्रश्न : मिस्टर बरीच वर्षं फिटसाठी फेनिटॉइन घेतात. क्षयाची औषधं सुरू झाल्यापासून झोकांड्या जातात, दोन-दोन दिसतं. तोलाचे व्यायाम सांगाल का? — नाव छापू नये, गिरगाव

उत्तर : व्यायाम सांगणार नाही. हे पत्र अंक निघायच्या आधी हातात आलं म्हणून तुम्हाला वेगळं कळवलंय, इथे इतरांसाठी छापते. फेनिटॉइन रक्तात जास्त झालं की पहिला फटका लहान मेंदूला बसतो. हे औषध थोडं वाढलं तरी रक्तातली पातळी एकदम उडी मारते, आणि क्षयाच्या औषधांतलं आयसोनायाझिड ती पातळी वाढवू शकतं. दोन्ही औषधांच्या चिठ्ठ्या घेऊन आजच डॉक्टरांना भेटा, फेनिटॉइनची रक्तातली पातळी तपासायला सांगा, आणि क्षयाच्या डॉक्टरांनाही फिटच्या गोळीचं सांगा. तोवर त्यांना जिना एकट्याने उतरू देऊ नका. दोन्हींपैकी कुठलीही गोळी मनाने बंद करू नका. फिटची गोळी एकदम थांबली तर एकामागून एक फिट येऊ शकतात.